रेडिएटरपुढचा पुठ्ठा

वरच्या वस्तीतल्या लोकांना डॉक्टरबाईंच्या ड्रायव्हरच्या खऱ्या नावाची गरज कधी पडलीच नाही. हिवाळ्यात डॉक्टरबाईंची जुनी निळी गाडी घाट चढून दवाखान्यासमोर थांबली, की आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार करकरायचं. आतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर यायचे आणि बाईंचं दार उघडण्याआधी पुढे जाऊन गाडीच्या जाळीत खोचलेला पुठ्ठा उपसायचे. तो झटकायचा, काखेत मारायचा आणि मग बाईंच्या दाराकडे वळायचं, हा क्रम कधी चुकला नाही. म्हणून ते पुठ्ठेकाका. वस्तीतली पोरं लांबून 'पुठ्ठा, पुठ्ठा' असं ओरडायची आणि काका रागावल्याचं सोंग आणून पुठ्ठा उगारायचे.

हे पुठ्ठ्याचं प्रकरण आधी समजून घ्यायला हवं, कारण काकांचं सगळं आयुष्यच त्याच्यामागे अडकलेलं आहे. मोटारीतला हीटर म्हणजे काही निराळी शेगडी नसते. इंजिन तापतं, त्याच्याभोवती फिरणारं पाणी तापतं, आणि त्या पाण्याची उरलीसुरली ऊब तेवढी आत बसणाऱ्यांच्या वाट्याला येते. इंजिनच गार राहिलं तर हीटरचा दांडा तुम्ही कितीही ओढा, पायांवर गार वाराच येणार. बाईंच्या गाडीचं इंजिन हिवाळ्यात धड तापायचंच नाही. तापमानाचा काटा तळाशी जो झोपायचा तो थेट उन्हाळ्यात उठायचा. म्हणून काका जाळीत पुठ्ठा खोचून, पाणी गार करणाऱ्या रेडिएटरवर येणारा वारा अडवायचे. त्याचंही शास्त्र होतं. पेट्रोल पंपापासून पूर्ण पुठ्ठा, सातव्या वळणानंतर ऊन लागलं तर निम्मा वर सरकवायचा, सावलीत शिरलं की पुन्हा खाली. आणि गाडी थांबली की आधी तो काढायचा, नाहीतर उभ्या उभ्या इंजिन उकळलंच म्हणून समजा. एवढा खटाटोप करून आत जी ऊब यायची, ती कोणी लांबून फुंकर मारावी इतकीच.

उन्हाळ्यात सगळं उलटं. चढावर इंजिन तापायला लागलं की काका हीटर पूर्ण सोडायचे, म्हणजे इंजिनातली उष्णता गाडीच्या आत निघून जायची. इंजिन वाचायचं आणि मागे बसलेल्या बाई घामानं निथळायच्या. थोडक्यात, बाई उन्हाळ्यात भाजत आणि हिवाळ्यात गोठत, एकाच सीटवर बसून.

"गाडी कोणाला तरी नीट दाखवा हो," असं बाईंना पुष्कळांनी सांगून पाहिलं. बाईंचं उत्तर ठरलेलं. "गाडीला काही झालेलं नाही. फक्त ती यांनाच कळते." हे वाक्य बाई म्हणायच्या, त्यांचा पुतण्या म्हणायचा, पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा म्हणायचा. अशा वेळी काका मान खाली घालून बुटांकडे बघत राहायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

विनय कसला! चोरी पकडली जाईल म्हणून माणूस जशी मान खाली घालतो, तशी ती मान होती.

त्याचं असं झालं. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंचे यजमान, थोरले डॉक्टर, वारले. गाडी त्यांचीच, ड्रायव्हरही त्यांनीच ठेवलेला. कारभार पाहायला पुतण्या आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, की सोमवार आणि गुरुवार अशा दोन फेऱ्यांसाठी घरात राहणारा ड्रायव्हर कशाला हवा? माझ्या ऑफिसचा माणूस येऊन गाडी चालवून जाईल. गॅरेजवरची खोली महिनाभरात रिकामी करा. काकांची बायको आदल्याच वर्षी गेलेली. लेक दहा वर्षांची, तिची शाळा रस्त्यापलीकडे. काकांना दुसरीकडे ना घर होतं ना कोणी नातेवाईक.

गाडी त्या उन्हाळ्यात फार तापत होती, म्हणून मिस्त्रीनं इंजिनातली एक झडप काढून ठेवली होती. थर्मोस्टॅट म्हणतात तिला. डबीच्या झाकणाएवढी असते, आणि इंजिनातलं पाणी पुरेसं गरम होईपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. "उन्हाळ्यापुरती काढतोय, थंडी पडली की आठवणीनं बसवून घे," असं मिस्त्रीनं बजावलं होतं. काकांनी ती चहाच्या जुन्या डब्यात टाकली आणि डबा फळीवर ठेवला. मग एका रविवारी दुपारी, लेक शेजारी खेळायला गेली आहे असं समजून, त्यांनी आणखी एक काम केलं. रेडिएटरमागचा पंखा पाणी तापलं की आपोआप सुरू व्हायचा. काकांनी त्याची तार सोडवली, आतून फिरवून आणली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली एका काळ्या बटणाला जोडली. आता बटण दाबलं तर पंखा, नाहीतर नाही.

सोमवारी ऑफिसचा माणूस ऐटीत गाडी घेऊन गेला आणि अकराव्या वळणावर वाफेच्या ढगात उभा राहिला. गाडी ओढून आणावी लागली. काकांनी पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी कोणाला दिसणार नाही असं बटण दाबलं आणि बाईंना सुखरूप वर नेऊन आणलं. पुतण्यानं आणखी एक माणूस पाठवला, त्याचीही तीच गत झाली. मग पुतण्यानं हात टेकले, खोली काकांकडेच राहिली, आणि 'ही गाडी फक्त यांनाच कळते' हे वाक्य घरात कायमचं राहायला आलं.

काकांचा बेत वर्षभराचाच होता. पोरीचं वर्ष पुरं होऊ दे, मग झडप बसवू, तार जोडू, कोणाला कळणारही नाही. पण गाडी शहाण्यासारखी चालायला लागली की पुतण्याचा माणूस पुन्हा येणार, हे त्यांना दिसत होतं. पोरगी पाचवीतून सहावीत गेली, सहावीतून सातवीत गेली. बटण सीटखाली होतं तिथेच राहिलं.

थंडी मात्र काकांनी मागितली नव्हती. ती त्या लबाडीच्या मागोमाग आली, आणि बसली बाईंच्या हातांवर.

बाईंच्या बोटांत रक्त मुळातच कमी फिरायचं. तासभर त्या गार गाडीत बसून उतरल्या की बोटं पांढरीफटक आणि टोकाला निळसर. बाई लहान मुलांच्या डॉक्टर. त्या हातांनी तान्ह्या बाळाच्या पोटाला स्पर्श केला की बाळ असं किंचाळायचं की त्याची आईही दचकायची. मग शेगडी पेटवा, पाणी कोमट करा, त्यात हात बुडवून बसा, यात अर्धी सकाळ जायची. दोन-दोन हातमोजे झाले, गरम पाण्याची पिशवी झाली. पिशवी सातव्या वळणाला कोमट आणि विसाव्याला गार व्हायची. दुसऱ्या हिवाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी बाईंनी काकांना बोलावलं.

"अहो, उद्या नको जायला. हिवाळ्यात आपण फक्त सोमवारच करू. हात माझे राहतच नाहीत हो. एकदा गेलं की दोन-दोन दिवस ठणकतात."

"बरं," काका म्हणाले.

वर खोलीत येऊन ते पलंगावर बसून राहिले. समोर फळीवर चहाचा डबा होता. उठून दोन पावलं टाकली असती तर हाताला लागला असता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवसापासून हिवाळ्यातले गुरुवार बंद झाले.

हे सगळं झालं तेव्हा काका सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे होते. आता सहासष्टचे आहेत. लेक शिकली, लग्न करून खाली लांब, उबदार गावात गेली, तिला मुलगी झाली. काकांची छाती आता थंडीत शिटी मारते. गॅरेजवरची ती खोली, जी राहावी म्हणून एवढं केलं, ती त्यांना खायला उठते. छत इतकं खाली की शर्ट काढताना हात आपटतात. खिडकीतून दिसतं काय, तर गॅरेजचा पत्रा. सकाळी उठायचं, गाडी पुसायची, पुठ्ठा तपासायचा, तीच बत्तीस वळणं चढायची आणि तीच उतरायची. काचेवर आतून धुकं धरतं, कारण हीटरमध्ये ते घालवायचीही ताकद नाही. एका हातानं फडकं फिरवायचं, दुसऱ्या हातानं गाडी चालवायची, आणि मागे बाई दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून बसलेल्या. गेल्या काही वर्षांत काकांना त्या गाडीत श्वास कोंडल्यासारखं व्हायला लागलं होतं. कोणी आतून कुलूप घालावं आणि किल्ली खिडकीतून बाहेर फेकून द्यावी, तशी त्यांची अवस्था झाली होती.

लेक दर हिवाळ्यात फोन करायची. यंदाचा फोन मात्र निराळा होता.

"बाबा, तुमची खोली तीन वर्षं रिकामी ठेवलीय मी. दक्षिणेची खिडकी आहे, दिवसभर ऊन असतं. तुमच्या नातीनं दारावर 'आजोबा' असा कागद चिकटवलाय. आता सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना खालच्या मजल्यावरच खोली हवीय. महिनाअखेरपर्यंत तुम्ही आलात तर ठीक, नाहीतर मला त्यांना नाही म्हणता येणार नाही. तुम्हीच सांगा, कसं म्हणू?"

"येतो," काका म्हणाले. "यंदा नक्की येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंपुढे विषय काढला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चौऱ्याहत्तरच्या, पण अजून ताठ बसायच्या.

"जायलाच हवं तुम्ही. लेक एवढं बोलावते, नशीबवान आहात. पण एवढा हिवाळा काढा हो. ही गाडी दुसऱ्या कोणाच्या हातून चढते का? पुढच्या वर्षी मी दवाखानाच बंद करणार आहे."

पुढच्या वर्षी दवाखाना बंद करण्याचं हे तिसरं वर्ष होतं. काकांना ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, कोणाच्याही हातून चढेल, माझ्या आजीच्या हातूनसुद्धा चढली असती. पण ते मूग गिळून जिना चढले. 'गाडी फक्त यांनाच कळते' हे वाक्यच आता त्यांच्या पायात आडवं आलं होतं.

मग त्यांनी ठरवलं. गाडी गुपचूप नीट करायची, 'नवीन भाग मिळाला' म्हणून सांगायचं, पुतण्याच्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची आणि निघायचं. यात बाईंच्या हातांचा विचार नव्हता, हे कबूल करायला हवं. काकांना फक्त सुटायचं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी चहाचा डबा उघडला. झडप काळपट पडली होती. एकोणीस वर्षं पडून राहिलेली वस्तू चालेल की नाही, याची परीक्षा मिस्त्री लोक करतात तशीच त्यांनी केली. पातेल्यात पाणी घेतलं, झडप दोऱ्याला बांधून आत सोडली आणि गॅस मोठा केला. मनातून त्यांना वाटत होतं, उघडू नये. ती मेलेली निघाली, तर इतकी वर्षं बसवली नाही त्यात आपलं काय चुकलं, असं तरी म्हणता येईल. पाण्याला बुडबुडे धरले. झडप ढिम्म. पाणी उकळायच्या बेताला आलं आणि मग तिचं झाकण हळूहळू, जांभई दिल्यासारखं, उघडलं. गॅस बंद केल्यावर थोड्या वेळानं तसंच मिटलं. काका पातेल्याकडे बघत उभे राहिले. त्यांना रडू आलं, आणि त्याचा त्यांना रागही आला.

बाकी काम दुपारपर्यंत झालं. मिस्त्रीकडून पंख्याचा नवा सेन्सर आणला. मिस्त्री आता म्हातारा झाला होता. झडप आज बसवतोय हे ऐकून तो म्हणाला, "एवढ्याशा कामाला थांबला होतास होय रे इतकी वर्षं?" झडप बसवली, पंख्याची तार जागेवर जोडली. सीटखालचं बटण मात्र काढवेना. त्याची तार कापली आणि ते तसंच ठेवलं.

सोमवारी काकांनी पुठ्ठा घेतला नाही. मागच्या सीटवर बसताना बाई म्हणाल्या, "विसरलात वाटतं." "आज नको," काका म्हणाले. गावातल्या चौकात गाड्यांच्या रांगेत थांबावं लागलं. काटा वर चढायला लागला. सवयीनं काकांचा हात सीटखाली गेला, बटण दाबलं, ते मेलेलं. काटा आणखी चढला. आणि इतक्यात पुढून घरघर आली. पंखा सुरू झाला होता, आपणहून, काकांना न विचारता. काटा थबकला आणि खाली आला. काकांना हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही वाटला.

पेट्रोल पंप मागे गेला तशी पायांवर ऊब यायला लागली. सातव्या वळणाला काचेवरचं धुकं कडेकडेनं विरलं. काकांनी आरशातून मागे पाहिलं. बाईंनी एक हातमोजा काढला होता आणि हात पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, वारा येत होता तिथे धरला होता. अकराव्या वळणाला दुसरा हातमोजा निघाला. विसाव्या वळणाला बाईंना डुलकी लागली. एकोणीस वर्षांत बाई हिवाळ्यात गाडीत कधी झोपल्या नव्हत्या.

दवाखान्यात पहिलंच बाळ तीन महिन्यांचं होतं. बाईंनी शेगडीकडे न बघता थेट त्याच्या पोटावर हात ठेवला. बाळानं पाय झाडले, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट धरलं. दारात उभ्या असलेल्या काकांना ते दिसलं. ते बाहेर जाऊन गाडीला टेकून उभे राहिले, पण काखेत पुठ्ठा नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

परतीच्या वाटेवर बाई लहान मुलीसारख्या खूश होत्या. "काय केलंत हो तुम्ही? कुठून शोधून काढलात हा भाग? एवढ्या जुन्या गाडीचा! मी पुतण्याला सांगणार आहे, असा माणूस शोधून सापडायचा नाही. माझ्या हातांसाठी एवढा जीव टाकलात!"

'नवीन भाग मिळाला,' हे वाक्य काकांनी पाठ करून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण त्या कौतुकानं त्यांना इतकं घुसमटायला झालं की त्यांनी अकराव्या वळणावर गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"शोधला नाही, बाई. माझ्याच फळीवर होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुढे काचेकडे बघत, मागे वळायची हिंमत न करता. झडप, तार, बटण, पुतण्याचा माणूस, चहाचा डबा. बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकोणीस वर्षं जे अंगावर वागवलं ते एवढंसं होतं. बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. बाई म्हणतील, किल्ली ठेवा आणि चालते व्हा. खरं सांगायचं तर तसं त्यांनी म्हणावं, अशीच त्यांची इच्छा होती. हाकलून दिलेल्या माणसाला परत बोलावता येत नाही.

पुढून पंख्याची घरघर येत होती, मग ती थांबली.

"म्हणजे माझे हात," बाई म्हणाल्या, "हे असे व्हायलाच नको होते."

"नाही."

"मी देवाला दोष देत होते." बाईंनी मांडीवरचे हातमोजे उचलले. "चला, घरी चला."

घराशी उतरल्यावर त्या दारात थांबल्या. "परवा गुरुवार आहे ना?"

"बाई, आज सोमवार."

"मग तेरवा. तेरवा गुरुवार. सकाळी नेहमीच्या वेळेला गाडी काढा. हिवाळाभर गुरुवार करायचे."

काकांनी धीर केला. "बाई, गाडी आता कोणालाही चालवता येईल. पुतणेसाहेबांचा माणूस..."

"त्याला येईल चालवता, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण काकांना त्यापेक्षा तो चढलेला चालला असता. "पण गुरुवार बुडवले ते त्यानं नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या.

काकांनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. येत नाही म्हणाले. नेहमीप्रमाणे 'गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही' असं लेक म्हणेल आणि आपण हो म्हणू, असं त्यांना वाटलं होतं. लेक वेगळंच बोलली.

"बाबा, ते सीटखालचं बटण अजून आहे का?"

काका पलंगावर बसले.

"मी बघितलं होतं त्या दिवशी. गॅरेजच्या जिन्यावर बसले होते मी. माझ्यासाठी केलंत ना ते?"

"पहिल्या वर्षी तुझ्यासाठीच होतं, बाळा," काका म्हणाले. "पुढची सगळी वर्षं माझ्यासाठी." आणि मग बाईंचे हात आणि गुरुवार, हेही सांगितलं.

लेक रडत होती की रागावली होती, ते फोनवर कळेना. शेवटी ती म्हणाली, "मग खोली मी सासूबाईंना देते."

"दे," काका म्हणाले. "दारावरचा कागद तेवढा काढू नकोस म्हणावं माझ्या नातीला. राहू दे." पण हे बोलेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

गुरुवारी आकाश पांढरं होतं आणि वळणावळणाला दव गोठलेलं होतं. गाडीत ऊब होती. दवाखान्यासमोर गाडी थांबली, काकांनी दार उघडलं, आत शेगडी पेटवली. बाई टेबलामागे बसल्या. हात मांडीवर ठेवले होते, गुलाबी, तयार. आणि कोणीच आलं नाही. तास गेला, तरी नाही. येणार कसं? सतरा वर्षं हिवाळ्यातल्या गुरुवारी इथे कुलूप असायचं. लोकांना आधी सांगायला हवं हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"जाऊन सांगा घरोघर," बाई म्हणाल्या.

काका निघाले. वस्ती चढावर, रस्ता निसरडा, छातीत शिटी. पहिल्या घरात म्हाताऱ्यानं दार उघडून "बाई सोमवारी येतात" असं काकांनाच समजावून सांगितलं. दुसऱ्या घरात म्हणाले, "पुठ्ठेकाका ना तुम्ही? पुठ्ठा कुठाय?" तिसरं घर बंद. टोकाच्या घरासमोर एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन लाकडं उचलत होती. काका तिच्या डाव्या अंगाला उभे राहून म्हणाले, "डॉक्टरबाई आल्यात." ती लाकडं उचलतच राहिली. काकांनी पुन्हा सांगितलं. तिनं वर पाहिलं, दचकली आणि उजवा गाल पुढे केला.

"या बाजूनं बोला काका. त्या कानानं मला ऐकू येत नाही."

"जन्मापासून का?" काकांनी सहज विचारलं.

"छे. सहा वर्षांची होते. असाच हिवाळा होता. बुधवारी कान ठणकायला लागला. आई म्हणाली, रड थांबव, उद्या गुरुवार आहे, बाई येतील. सकाळी येऊन बसलो की आम्ही दवाखान्याच्या पायरीवर. दुपारपर्यंत बसलो. मग कळलं, बाईंनी गुरुवार बंद केलेत." बाळाला सावरत ती सांगत होती, जुनी गंमत सांगावी तशी. "सोमवारपर्यंत कान फुटला. मग तो वाहतच राहिला. काय म्हणत होतात तुम्ही?"

"डॉक्टरबाई आल्यात," ते म्हणाले. "आज. गुरुवारी."

"आल्यात? बरं झालं! याला दोन दिवस खोकला आहे. सोमवारचीच वाट बघत होते मी."

त्या दिवशी बाईंकडे आलेलं ते एकच बाळ. बाईंनी त्याच्या छातीवर तळहात ठेवला, बाळ कुरकुरलंसुद्धा नाही. त्याची आई ऐकताना उजवा कान पुढे करत होती, म्हणून औषध देऊन झाल्यावर बाई तिला म्हणाल्या, "बघू गं तुझा तो डावा कान." पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि कधीपासून म्हणून विचारलं. तिनं तेच सगळं सांगितलं, पायरीसकट. बाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. काका तिथेच उभे होते. काकांनी मान खाली घातली नाही.

ती बाळाला गुंडाळत बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिनं विचारलं, "पुढच्या गुरुवारी येणार का हो बाई?"

"येणार," काका म्हणाले.

तिला ऐकू गेलं नाही. काका तिच्या डावीकडे होते. ती दोन पावलं पुढे गेली. काका घाईनं पायऱ्या उतरले, तिला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि धाप आवरत मोठ्यानं म्हणाले, "येणार. पुढच्या गुरुवारी येणार. त्याच्या पुढच्याही गुरुवारी येणार."